लिंबांसाठी राखीव जागा

माझं लग्न ठरलं तेव्हा मिरजेला आमच्या शेजारणीने आईला विचारलं, "मुलगी मद्रासला जाऊन काय करणार हो?" आई म्हणाली, "इंजिनियर आहे, रस्त्यांचं काहीतरी बघेल." ते काहीतरी म्हणजे नक्की काय, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आता मी निवृत्त झाले तरी आमच्या सोसायटीतल्या लोकांनाही ते कळलेलं नाही. वाहतुकीची इंजिनियर म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं, ही धावत्या गाड्यांकडे बघत असणार. मी जन्मभर बघितल्या त्या उभ्या गाड्या. कोणती गाडी कुठे उभी राहते, किती वेळ, कोणाच्या दारात आणि कोणाच्या वाटेत, हे शोधून काढायचं आणि मग तिला तिथून कसं हलवावं किंवा हलवू नये ते महापालिकेला सांगायचं. आमची सल्लागार कंपनी हेच करायची.

सुधीर, म्हणजे माझा नवरा, पुढे ओरगडमच्या कारखान्यात होता. तिथे मोटारी बनतात. त्यामुळे मराठी मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला कोणी ना कोणी तोच विनोद करायचं, की नवरा दिवसभर गाड्या रस्त्यावर सोडतो आणि बायको दिवसभर त्या उचलायला सांगते. सुधीर म्हणायचा, "मी आहे म्हणून तुझं पोट चालतं." आणि ते खरंच होतं.

उभी गाडी बोलते, यावर माझा विश्वास आहे. फक्त तिच्याशी पुन्हा पुन्हा बोलायला जावं लागतं. आमचं सर्वेक्षण म्हणजे दुसरं काही नसतं. एकाच रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारायच्या आणि दर फेरीला कोणत्या जागेवर कोणती गाडी आहे ते टिपायचं. मग कळतं की ही गाडी औषध घेऊन निघून गेली, आणि त्या गाडीने तर मुळं धरली आहेत. बाजारपेठेत गेलं की व्यापारी हमखास सांगतात, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. आणि दिवसभर मुळं धरून बसलेली गाडी कोणाची म्हणून बघावं, तर ती त्याच व्यापाऱ्याची निघते. मी जेवढे बाजार बघितले तेवढ्यांत हे बघितलं. तरी दरवेळी मला नव्याने आश्चर्य वाटायचं, आणि त्या आश्चर्यामुळे माझी नोकरी टिकली असं मला वाटतं.

जॉर्ज टाउनमध्ये एका कागदाच्या व्यापाऱ्याने आपली जागा अडवायला दुकानासमोर एक फुटका दगडी रगडा ठेवला होता. इडलीचं पीठ वाटायचा असतो तो. त्याचा टेम्पो आला की दोन हमाल रगडा बाजूला ढकलायचे आणि तो गेला की परत जागेवर आणायचे. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "आमच्या आजीचा आहे." आजीचा रगडा उचलून नेण्याची हिंमत पोलिसांनाही झाली नव्हती. आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी वसाहतीत कव्हर घातलेली एक स्कूटर कधीच हलायची नाही. मालकाची बदली होऊन तो कधीच गेला होता. पण शेजारी दर सणाला कव्हर धुवायचे, कारण तो परत येईन म्हणाला होता. अशी जागा नकाशावर मोकळी दाखवायची की भरलेली, यावर आम्ही ऑफिसात अर्धा दिवस भांडलो होतो.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की बाईंना गाड्यांचं वावडं आहे. तसं नाही. आमच्याकडे गाडी आहे आणि सुधीर ती रोज पुसतो. आजारी आईला डॉक्टरकडे नेणाऱ्याला गाडी दारापर्यंत न्यावीच लागते. पण रस्ता रबराचा नसतो. तीच जागा चालणाऱ्याला हवी, बसला हवी, रिक्षाला हवी, माल उतरवणाऱ्याला हवी आणि नुसतं उभं राहणाऱ्यालाही हवी. कोणाला कुठे आणि किती वेळ, हे ठरवायचं म्हणजे पाच पाहुणे आणि एक गादी असा प्रकार. कोणी ना कोणी सतरंजीवर जाणारच. तो कोण, हे ठरवण्याचा पगार मी घेत होते.

आता ज्या रस्त्याची गोष्ट सांगायची आहे तो शहराच्या जुन्या मध्यात आहे. त्याचं नाव पिळ्ळैयार कोविल तेरू, म्हणजे गणपतीच्या देवळाची गल्ली. या नावाच्या गल्ल्या चेन्नईत इतक्या आहेत की खरं नाव लिहूनही मी कोणाचा पत्ता दिला असं होत नाही. साड्यांची दुकानं, स्टीलच्या भांड्यांची दुकानं, एक डोसा-कॉफीवाला, आणि मधोमध पुंगै, म्हणजे करंजाच्या झाडाच्या सावलीत कपाटाएवढं गणपतीचं देऊळ. गल्लीच्या एका टोकाला मेट्रोचं स्टेशन व्हायचं होतं आणि मागच्या रस्त्यावर बहुमजली वाहनतळ बांधून तयार होता. तो रिकामाच असायचा, कारण गाडी दुकानाच्या पायरीला लावता येत असताना जिने चढणार कोण? महापालिकेची इच्छा अशी, की गल्ली चालणाऱ्यांची व्हावी आणि गाड्या मागे जाव्यात. आधी काही आठवडे प्रयोग करायचा आणि जमलं तर कायम.

या गणपतीची एक ख्याती होती. नवी गाडी घेतली की अर्धं शहर ती आधी इथे आणायचं. वंडी-पूजा म्हणतात तिला. वंडी म्हणजे गाडी, मग ती सायकल असो की ट्रक. गुरुक्कळ, म्हणजे पुजारी, गाडीला गंध लावतात, हार घालतात, कापूर ओवाळतात. प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवतात, आणि मालक गाडी सुरू करून ती लिंबं चिरडत पुढे नेतो. त्याबरोबर दृष्टही चिरडली जाते म्हणतात. सुधीरने कारखान्यात गाडीच्या ज्या चाचण्या केल्या असतील त्या असतील, चेन्नईत शेवटची चाचणी लिंबांची.

ती लिंबं विकायची सेल्वी. आवडीच्या पलीकडून सकाळच्या गाडीने यायची आणि झाडाखाली टोपली मांडायची. लिंबं, शेवंतीचे हार, कापूर, आणि मोठ्या गाड्यांपुढे आत कुंकू भरून फोडायचे पांढरे कोहळे. तिच्या आईनेही तिथेच बसून विकलं होतं. मध्यम वयाची, उंच, बोलायला सावकाश. ती ज्या सावलीत बसायची तिथेच भांड्यांच्या दुकानाच्या मालकांची पांढरी मोटार दिवसभर उभी असायची. मोटार आली की मालक काच खाली करून म्हणायचे, "सेल्वी, जरा तिकडे सरक," आणि ती टोपली उन्हात ओढायची. हे मी इतक्या वेळा बघितलं की ते गल्लीचं वेळापत्रकच वाटायला लागलं.

हे मालक म्हणजे राव. तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्यांपासून इकडे. व्यापारी संघाचे पुढारी. पहिल्या सभेत त्यांनी तमिळमध्ये खणखणीत भाषण केलं. गल्ली बंद झाली तर व्यापार बुडेल असं ते म्हणालेच नाहीत. ते म्हणाले, नव्या गाड्या पिळ्ळैयारच्या पाया पडायला येतात, त्या अडवणारे आपण कोण? सगळ्या व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर ते माझ्यापाशी आले आणि जुन्या पोथीतल्यासारख्या मराठीत बोलायला लागले.

"बाई, तुमि मिरजेचे म्हणून आमि ऐकलों. आमच्या घरीं हीच भाषा. लेकरांना बरीक येईना."

मला इतका आनंद झाला की क्षणभर मी विसरलेच की हे विरोधी पक्षातले आहेत. मग म्हटलं, "राव, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? पार्किंग हवं तर पार्किंग म्हणा. मध्ये देव कशाला?"

राव हसले. "बाई, आमि भांडं विकणारे. आमि कां लपवूं?"

पण मला देवाचं उत्तर द्यायचं होतं आणि ते मला पुराव्याने द्यायचं होतं. नव्या गाड्या खरंच इतक्या येतात का? मी सर्वेक्षणाचा दिवस ठरवला मंगळवार. गणपतीचा वार. मिरजेला मंगळवारी देवळात पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यात जास्त गर्दीच्या दिवशी मोजलं की कोणी बोट दाखवायला नको. माझा सहकारी मुरुगेसन लगेच हो म्हणाला. मुरुगेसन पक्का नास्तिक, इकडच्या नास्तिक चळवळीतल्यांसारखा काळा शर्ट घालणारा, नाव देवाचं आहे म्हणून स्वतःच्या वडिलांवर थोडा नाराज. त्याचं कारण वेगळं होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की साधारण दिवस हवा असेल तर आठवड्याच्या मधला घ्यावा. मंगळवार त्याच्या पुस्तकातही बसला आणि माझ्या भक्तीतही.

मंगळवारी नव्या गाड्या आल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. मला मनातून बरं वाटलं, हे कशाला लपवू. अहवालात मी लिहिलं की वाहनपूजा हा या रस्त्यावरचा किरकोळ वापर आहे. किरकोळ म्हटल्यावर पुढचं सगळं ओघाने आलं. झाडाखालची जागा मोकळी करून तिथे बाकं टाकायची आणि हार-लिंबं विकणाऱ्यांना वाहनतळाच्या मागच्या बाजूला पर्यायी जागा द्यायची.

हे सांगायला मीच सेल्वीकडे गेले. सांगायचं काम दुसऱ्यावर टाकायचं नाही, एवढा एक नियम मी पाळायची. तिने हार गुंफणं थांबवलं नाही.

"अम्मा, लिंबू कोयंबेडूच्या बाजारात मिळतं, घराखालच्या दुकानात मिळतं," ती म्हणाली. "माझं लिंबू लोक का घेतात? ते देवाच्या दारातलं असतं म्हणून. दारातून उठवलंत तर ते नुसतं लोणच्याचं लिंबू."

"पण गाड्याच फारशा येत नाहीत ना, सेल्वी. आम्ही बघितलं."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही बघितलंत?" एवढंच म्हणाली आणि परत गुंफायला लागली. त्या दोन शब्दांत काहीतरी आहे हे मला जाणवलं होतं, पण मी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला आपल्या आकड्यांचा एक आधार असतो आणि तो सहजासहजी सोडवत नाही. मी तिला सांगितलं की प्रयोगाच्या काळात ती झाडाखालीच बसू शकेल. नंतरचं नंतर ठरेल. तिने मान हलवली. तिच्या घरात कमावणारी ती एकटी होती, हे मला कॉफीवाल्याने त्याच दिवशी सांगितलं.

प्रयोग सुरू झाला. दोन्ही टोकांना अडथळे लागले आणि गल्ली अचानक रुंद झाली. पहिले दिवस इतके सुरेख गेले की मुरुगेसन फोटो काढत सुटला. म्हाताऱ्या जोडप्याने रस्त्याच्या मधोमध थांबून भांडण केलं आणि त्यांना कोणी हॉर्न मारला नाही. मुलींच्या शाळेचा एक घोळका डोसा खात चालला. बायकांना फुकट असलेल्या बसमधून उतरलेल्या बायका दोन्ही बाजूंची दुकानं बघत आरामात येत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

मग शुक्रवार उजाडला.

मी पोचले तेव्हा अडथळ्यापाशी गाड्यांचा पूर लोटला होता. नवी रिक्षा, नवी शाळेची व्हॅन, सीटवरचं प्लास्टिक न काढलेल्या स्कूटरी, रिबीन बांधलेल्या मोटारी, आणि या सगळ्यांच्या मागे एक कोराकरकरीत पाण्याचा टँकर. मुख्य रस्ता तुंबला होता. बसगाड्या अडकल्या होत्या. म्हणजे ज्या बसने येणाऱ्यांसाठी आम्ही हा खटाटोप मांडला ती बसच आमच्यामुळे उभी. पोलीस माझ्याकडे बघत होता आणि मी टँकरकडे.

प्लास्टिक न काढलेल्या स्कूटरीवर बँकेत कारकून वाटावा असा एक माणूस होता, मागे बायको. मी त्याला विचारलं, "आज काही सण आहे का?"

"सण नाही. शुक्रवार आहे, चंद्र वाढता आहे, चांगली वेळ आहे. राहुकाळ लागायच्या आत व्हायला पाहिजे." तो घड्याळाकडे बघत होता.

"मग मंगळवारी का नाही आणलीत? मंगळवार गणपतीचाच ना?"

त्याने मला नीट बघून घेतलं. मग अतिशय सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, मंगळवारी नवी गाडी कोण घेतं?"

त्याच्या बायकोने मान वळवून हसू लपवलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं काही झालं नाही, उलट डोक्यात लख्ख उजेड पडला. इकडे मंगळवारी नव्या कामाला कोणी हात लावत नाही. इतकी वर्षं या गावात राहून, सांबार-रसम रांधून, मुलांना तमिळ शाळेत घालूनही माझा गणपती मिरजेचाच राहिला होता. मी मुरुगेसनकडे वळले.

"तुला माहीत नव्हतं?"

"मला?" तो म्हणाला. "माझ्या घरात पंचांग नाही."

"तू तमिळ ना?"

"तुम्ही देव मानता ना?"

मिरजेच्या भक्ताने आणि काळ्या शर्टाच्या नास्तिकाने मिळून असा दिवस निवडला होता, जो या गल्लीत कोणाही शाळकरी मुलाने हाणून पाडला असता. फक्त आम्ही कोणाला विचारलं नव्हतं.

तोवर लोकांनी आपला मार्ग काढला होता. अडथळ्याच्या बाहेरच, मेट्रोच्या अर्धवट पायऱ्यांपाशी, पूजा सुरू झाल्या. कोणीतरी पिशवीतून लिंबं आणून विकायला लागलं. कोहळे फुटले, त्यांतलं कुंकू रस्त्यावर सांडलं आणि त्यावरून एक मोटारसायकल घसरता घसरता राहिली. मी आत गेले. आत गल्ली स्वच्छ, शांत, आणि रिकाम्या झाडाखाली सेल्वी भरलेल्या टोपलीपुढे बसलेली. बाहेर परका माणूस लिंबं विकतो आहे हे तिला तिथून दिसत होतं. उठून तिकडे जायचं तर जागा सोडावी लागणार, आणि ती जागा सोडली की गेलीच, असं तिला वाटत असणार. मी तिच्याजवळ उभी राहिले. मला लाज वाटली, आणि ती लाज आजही शुक्रवारी लिंबं दिसली की आठवते.

राव दुकानाच्या पायरीवर दोन कॉफ्या घेऊन उभे होते. एक त्यांनी मला दिली. मला वाटलं आता टोमणा येणार.

"बाई, एक गोष्ट पुसूं? आज दुकानांत बायका भरून आहेत. कां म्हणजे?"

मी वळून बघितलं. खरंच भरलं होतं. मग आम्ही दोघं रस्त्याच्या मध्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून दुकानाकडे तोंड करून उभे राहिलो. पितळी समया, स्टीलचे डबे, तांब्याच्या कळशा, सगळी मांडणी उन्हात चमकत होती. राव बराच वेळ बघत राहिले.

"माझीच मोटार पुढें ठेवून माझंच दुकान झांकलों होतों," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "हें सभेंत मात्र मी सांगणार नाहीं."

त्यांनी सांगितलं नाही. पण पुढच्या सभेत त्यांनी भाषणही केलं नाही, आणि पुढारी गप्प बसला की बाकीच्यांचा आवाज आपोआप उतरतो. प्रश्न उरला तो गाड्यांच्या पूजेचा, आणि तो मी या वेळी गुरुक्कळांनाच विचारला. ते तरुण होते, मोबाइलवर पूजेच्या वेळा देणारे. ते म्हणाले, "मूळ मूर्ती हलत नाही. पण उत्सवाची पंचधातूची मूर्ती असते ना, ती रस्त्यावर येतेच की. देव फिरायला निघतो आणि भक्त दारात उभे राहतात, हे इथे नवीन नाही." चांगल्या दिवशी सकाळी उत्सवमूर्ती वाहनतळाच्या तळमजल्यावर न्यायची. गाड्यांना रांगेत उभं राहायला तिथे हवी तेवढी जागा. आणि ज्या वाहनतळात कोणी जात नव्हतं, तिथे जायची सवय लोकांना देवाने लावली, यात मी काही केलं नाही.

देवाची सोय झाली. सेल्वीची नाही. वाहनतळ चालवणारा ठेकेदार म्हणाला, आत विक्री चालणार नाही. आणि गल्लीच्या आराखड्यात माझीच बाकं झाडाखाली बसली होती. म्हणजे देव दोन्हीकडे आणि ती कुठेच नाही.

मुरुगेसनने काय केलं ते मला सादरीकरणाच्या दिवशी कळलं. भिंतीवर अंतिम नकाशा होता. पदपथ, बाकं, सायकलींची जागा, रिक्षाथांबा, सगळ्यांच्या खुणा. झाडाखालची दोन बाकं त्याने पुसून टाकली होती आणि तिथे एक छोटा चौकोन काढून आत तमिळमध्ये लिहिलं होतं, लिंबू. तसाच एक चौकोन वाहनतळाच्या दारापाशी, फाटकाच्या बाहेर.

महापालिकेचे मोठे साहेब चष्मा वर करून नकाशाजवळ गेले. "हे काय आहे?"

"लिंबू, सर."

"ते वाचता येतं मला. तुम्ही तर देव मानत नाही, मुरुगेसन."

"देव मानत नाही, सर. पण ती बाई रोज तिथे बसते. जे रोज दिसतं ते नकाशात पाहिजे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, हा वापर किरकोळ आहे असं मी लिहिलं होतं. ते चुकीच्या वारी लिहिलं." मग मंगळवारची हकिकत सांगितली. साहेब तमिळ होते. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि हसून झाल्यावर त्यांनी सही केली. मी पुष्कळ युक्तिवाद करून मिळवलेल्या सह्या बघितल्या आहेत. स्वतःची फजिती सांगून मिळालेली ही एकच.

सगळं गोड झालं असं लिहिलं तर खोटं होईल. रिक्षाथांबा आम्ही कोपऱ्यापलीकडे सरकवला, आणि गुडघे दुखणाऱ्या बायकांना तेवढं अंतर जड जातं. त्यांनी मला ते तोंडावर सांगितलं आहे. सेल्वीचा धंदाही पूर्वीसारखा राहिला नाही. चांगल्या सकाळी ती वाहनतळाच्या फाटकावर लिंबं विकते आणि पूजा आटोपल्या की झाडाखाली येऊन मेट्रोतून उतरणाऱ्या बायकांना मोगरा विकते. मोगऱ्यात दगदग जास्त आहे, कोमेजतो, असं तिचं म्हणणं. पण आता तिला कोणी सरक म्हणत नाही. सावलीतला तो चौकोन तिचा आहे आणि तो नकाशात आहे. मी गेले की तिथली फरशी दाखवून ती म्हणते, "अम्मा, माझं पार्किंग."

निवृत्तीनंतर मी अधूनमधून मेट्रोने तिकडे जाते. काम नसतं. बघायची सवय सुटत नाही एवढंच. गेल्या पावसाळ्याच्या आधी राव न्हाणीघरात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दुकान सूनबाई बघायला लागली. एका शुक्रवारी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तर पहारेकरी कोणाशी तरी हुज्जत घालत होता.

"वंडी आत नेता येत नाही," तो म्हणत होता.

त्याच्यासमोर चाकाच्या खुर्चीत राव बसले होते, धुवट पांढऱ्या वेष्टीत, कपाळाला गंध लावून. खुर्ची कोरी होती, तिच्या हातांवरचं प्लास्टिक तसंच. मागे सूनबाई. मेट्रोच्या लिफ्टने येऊन सपाट पदपथावरून ती त्यांना इथवर ढकलत आली होती.

राव त्याला तमिळमध्ये म्हणाले, "नवी वंडी आहे. पूजा करायला नको?" पहारेकरी हसावं की अडवावं या विचारात पडला, आणि मला ओळखून त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सोड बाबा. हा रस्ता यांच्यासाठीच केला आहे." हे मी त्याला सांगितलं, पण खरं म्हणजे मलाही ते तेव्हाच कळलं.

मूळ मूर्तीसमोर कित्येक महिन्यांत गाडी उभी राहिली नव्हती. गुरुक्कळ लगबगीने आले. सेल्वी नुकतीच फाटकावरून परतली होती. तिने टोपलीत हात घालून लिंबं निवडायला घेतली. खुर्चीची मागची चाकं मोठी, पुढची अगदी लहान. तिने दोन टपोरी लिंबं मागे ठेवली आणि दोन बारकी शोधून पुढे. हार खुर्चीच्या पाठीला बांधला. कापूर ओवाळून झाला. सूनबाईने ढकललं तेव्हा पुढची चाकं लिंबांवर अडली, मग मी आणि पहारेकऱ्याने हात लावला, आणि चारही लिंबं फुटली. वास पसरला. राव डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते.

डोळे उघडल्यावर त्यांनी दुकानाकडे बघितलं. समोर पाच पायऱ्या. खुर्ची वर जाणार नव्हती, आणि गल्लीत ऊन चढायला लागलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "आतां हें वंडी उभं करायला जागा दावा."

मी नकाशा तोंडपाठ असलेली बाई. बाकं, सायकली, रिक्षा, सगळ्यांच्या जागा मला माहीत होत्या. चाकाच्या खुर्चीला फिरायला वाट आम्ही केली होती, पण थांबून सावलीत बसायला जागा ठेवायची आम्हाला सुचली नव्हती. मी इकडेतिकडे बघत राहिले.

सेल्वी उठली. तिला मराठी येत नाही, पण राव कशाकडे बघत होते ते तिने बघितलं असावं. तिने टोपली उचलली, पाण्याचा तांब्या उचलला आणि स्वतःच्या चौकोनाच्या एका कडेला जाऊन बसली. मग उरलेल्या सावलीतली फरशी पदराने झटकली आणि सूनबाईला हाताने खूण केली, की इथे आणा.